करवतीचे घराणे

सुताराच्या पेटीतील हत्यारांपैकी करवत हे दिसावयास सर्वांत साधे हत्यार होय. पोलादाची एक पातळ पट्टी, तिच्या एका कडेस कापलेले दात आणि धरावयास लाकडी मूठ, यापलीकडे तिच्यात काही नसते. परंतु या साध्या हत्याराकडून सुतार ज्या अपेक्षा करतो त्या एकमेकींच्या विरुद्ध आहेत. करवतीचे दात इतके कठीण असले पाहिजेत की सागाच्या वा शिसवाच्या लाकडात ते लवकर बोथट होऊ नयेत; पण इतके कठीणही नकोत की त्यांवर कानस चालणार नाही. पाते पातळ असले पाहिजे, म्हणजे चीर अरुंद पडते, लाकूड वाया जात नाही व श्रमही कमी होतात. पण ते इतके लेचेपेचे असून चालत नाही की जोर लावताच वाकावे. चांगले पाते हाताने कमानीसारखे वाकवून सोडले असता तत्काळ पूर्ववत सरळ होते.

यात आणखी एक गोष्ट आहे. भारतातील परंपरागत करवत बहुधा आपल्याकडे ओढताना कापते. ओढताना पाते ताणले जाते, आणि ताणलेली पट्टी आपोआप सरळ राहते. युरोप व अमेरिका येथील करवत मात्र पुढे ढकलताना कापते. ढकलताना पात्यावर दाब येतो व ते वाकू पाहते. म्हणून तेथील करवत बनविणाऱ्यास पोलादाचा ताठपणा आणि लवचीकपणा यांचा मेळ फार काळजीपूर्वक साधावा लागतो. हा मेळ साधण्याची विद्या अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरी एका कुटुंबाने ११५ वर्षे चालविली. त्या कुटुंबाचे नाव डिस्टन. एके काळी हा कारखाना जगातील करवतींच्या सर्वांत मोठ्या कारखान्यांत गणला जाई. त्याचा उदय कसा झाला आणि तो कुटुंबाच्या हातून का गेला, हे पाहण्यासारखे आहे.

पोरका उमेदवार

हेन्री डिस्टन याचा जन्म १८१९ साली इंग्लंडमधील ट्यूक्सबरी या गावी झाला. पुढे हे कुटुंब डर्बी येथे जाऊन राहिले. वडील टॉमस हे जाळीदार लेस विणण्याच्या यंत्रांचे जाणकार कारागीर होते. १८३३ साली ते हेन्री व त्याची बहीण या दोघांना बरोबर घेऊन अमेरिकेस निघाले. जहाज फिलाडेल्फियास लागले, आणि त्यानंतर तीनच दिवसांत टॉमस यांचा मृत्यू झाला. चौदा वर्षांचा हेन्री परक्या देशात पोरका झाला. पोटासाठी काही तरी हुन्नर शिकणे भाग होते. तो एका करवती बनविणाऱ्या कारखान्यात उमेदवार म्हणून राहिला.

त्या काळी अमेरिकेत करवती बनविणे हा प्रतिष्ठेचा धंदा नव्हता. चांगली करवत म्हणजे इंग्लंडमधील शेफील्ड येथे घडलेली करवत, असा सुतारांचा व दुकानदारांचा ठाम समज होता. आणि तो निराधारही नव्हता. उत्तम पोलाद शेफील्डमध्येच होत असे. अमेरिकेतील करवतीचे कारखानदार तेच पोलाद जहाजाने आणवीत. त्यामुळे किंमत, प्रत आणि पुरवठा या तिन्ही बाबतींत ते परावलंबी होते.

१८४० साली हेन्रीच्या मालकाचा धंदा अडचणीत आला. साचलेल्या वेतनाबद्दल रोख पैसे मिळेनात, तेव्हा हेन्रीने काही हत्यारे व माल पत्करला. ही हत्यारे आणि सुमारे ३५० डॉलर हेच त्याचे भांडवल. त्याने शहरातील एका तळघरात जागा घेतली, भट्टी स्वतःच्या हाताने बांधली, आणि कोळसाही धक्क्यावरून स्वतः हातगाडीत घालून आणला. त्या वेळी त्याचे वय एकवीस वर्षांचे होते.

पुढील दहा वर्षे सुखाची गेली नाहीत. भाड्याच्या जागा सोडाव्या लागल्या. १८४९ साली ज्या इमारतीत त्याचे काम चाले तेथील बॉयलरचा स्फोट होऊन सर्व उद्ध्वस्त झाले. त्यानंतर डिस्टनने जवळच स्वतःची जागा घेऊन कारखाना बांधला. पण इमारत स्वतःची झाली तरी पोलाद अजून परक्याचेच होते.

मुशीतील पोलाद

लोखंडात कार्बनचे प्रमाण किती, यावर पोलादाचा गुण अवलंबून असतो. कार्बन फार थोडा असेल तर धातू मऊ राहतो व धार धरीत नाही. फार असेल तर तो ठिसूळ होतो. करवतीच्या पोलादात हे प्रमाण शंभर भागांत एका भागाहूनही थोडे कमी असते. पण नुसते प्रमाण बरोबर असून भागत नाही. कार्बन सर्व धातूत सारखा पसरला पाहिजे. नाही तर एकाच पात्याचे काही दात कठीण आणि काही मऊ होतात, आणि अशी करवत लाकडात सरळ जात नाही.

हा सारखेपणा साधण्याचा उपाय म्हणजे पोलाद बंद मुशीत पूर्णपणे वितळविणे. शेफील्डजवळ बेंजामिन हंट्समन या घड्याळजीने १७४० च्या सुमारास ही रीत सिद्ध केली. घड्याळाच्या कमानींस सर्वत्र सारखे असे पोलाद हवे म्हणून त्याने हा उद्योग आरंभिला होता. मुशीत पोलाद करण्याची कला भारतात मात्र त्यापूर्वी अनेक शतके ज्ञात होती. दक्षिण भारतातील लोहार मातीच्या लहान मुशींत जे पोलाद करीत ते पाश्चात्त्य देशांत ‘वूट्झ’ या नावाने प्रसिद्ध झाले. १७९४ साली मुंबईहून डॉ. हेलेनस स्कॉट यांनी त्याचे नमुने लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठविले, आणि तेथील शास्त्रज्ञांनी त्यांचे परीक्षण केले. भारतीय व इंग्रजी रीतींत फरक होता. पण बंद मुशीत, तीव्र उष्णतेत, लोखंड व कार्बन यांचा संयोग घडवावयाचा, हे तत्त्व दोन्हीकडे समान होते.

१८५५ साली हेन्री डिस्टनने आपल्या कारखान्यात मुशीच्या पोलादाची भट्टी पेटविली. अमेरिकेत करवतीसाठी मुशीचे पोलाद करणारा हा पहिला कारखाना मानला जातो. शेफील्डहून कसबी कामगार आणण्यात आले. हा मोठा धोका होता. भट्टी अपयशी ठरती तर पंधरा वर्षांची कमाई तिच्यात जळून गेली असती. पण ती यशस्वी झाली, आणि तिने एकाच वेळी दोन प्रश्न सोडविले. पोलादाची प्रत स्वतःच्या ताब्यात आली. आणि पाती कापताना उरणारे तुकडे पुन्हा मुशीत घालता येऊ लागले.

सहा वर्षांनी या निर्णयाचे महत्त्व सर्वांस कळले. १८६१ साली अमेरिकेने परदेशी मालावरील आयात जकात वाढविली, आणि त्याच वर्षी यादवी युद्ध पेटले. आयात पोलाद महागले. ज्या कारखानदारांचा सारा भरवसा शेफील्डवर होता ते अडचणीत आले. डिस्टनची भट्टी मात्र चालू राहिली. १८६४ साली आगीने कारखाना भस्मसात केला, तोही पुन्हा उभा राहिला.

पट्टीची करवत कशी होते

मुशीतून ओतलेली पोलादाची लगड तापवून रुळांखाली लाटली जाई व तिचा पत्रा होई. पत्र्यातून पात्याचा आकार कापून घेत आणि यंत्राने दात पाडीत. येथपर्यंतचे काम सोपे. खरी परीक्षा पुढे असे.

पाते लालबुंद तापवून तेलात बुडवीत. यास आपल्याकडील लोहार ‘पाणी देणे’ म्हणतात. एकाएकी थंड झाल्याने पोलाद अत्यंत कठीण होते, पण काचेसारखे ठिसूळही होते. त्या अवस्थेत पाते हातातून पडले तर त्याचे तुकडे व्हावेत. म्हणून ते पुन्हा बेताच्या उष्णतेवर तापवावे लागे. त्यायोगे थोडा कठीणपणा जातो, पण त्याबदली चिवटपणा व लवचीकपणा येतो. ही उष्णता थोडी कमी पडली तर दात तुटतात, थोडी अधिक झाली तर धार टिकत नाही. तापमान मोजण्याची अचूक साधने येण्यापूर्वी हा निर्णय कामगाराच्या अनुभवी नजरेवर सोपविलेला असे.

तापवून थंड केलेले पाते थोडेफार वेडेवाकडे होतेच. मग ते ऐरणीवर ठेवून हातोडीने सरळ करीत. हे काम करणारा कारागीर पाते डोळ्यांसमोर धरून त्यावर पडलेल्या प्रकाशाची रेषा पाही. रेषा जेथे मोडलेली दिसे तेथे दोष. तो नेमका कोठे व किती जोराने ठोकावा, हे कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नव्हते. ते जुन्याच्या शेजारी उभे राहून नव्याने शिकावयाचे असे.

त्यानंतर पाते मोठ्या दगडी चाकांवर घासून पाठीकडे पातळ करीत. दातांकडे जाडी अधिक आणि पाठीकडे कमी, यामुळे चिरेत पाते अडकत नाही. हे काम कष्टाचे, आणि धोक्याचेही. दगडाच्या बारीक धुळीने फुप्फुसांचा असाध्य विकार जडतो, हे धार लावण्याच्या धंद्यात पूर्वीपासून माहीत होते. वेगाने फिरणारे चाक फुटून माणसे दगावल्याची उदाहरणेही या धंद्यात घडत. चकचकीत पात्यामागील ही किंमत विसरता येत नाही.

शेवटी दात एकाआड एक डावीकडे व उजवीकडे किंचित वाकवीत, म्हणजे चीर पात्याच्या जाडीहून थोडी रुंद पडे. मग कानशीने प्रत्येक दातास धार लावीत. लाकूड तंतूंच्या दिशेने उभे चिरावयाचे असेल तर दात लहानशा पटाशीसारखे हवेत. तंतूंवर आडवे कापावयाचे असेल तर ते सुरीच्या टोकासारखे हवेत. पहिल्या प्रकारात इंचास पाच-सहा टोके असतात, दुसऱ्यात आठ-दहा. चांगल्या करवतींस सफरचंदाच्या लाकडाची मूठ बसवीत आणि तीवर कारखान्याचे नाव कोरलेली पितळी चकती लावीत.

१८७४ साली डिस्टनने पात्याची पाठ आत वळवून वजन कमी केलेल्या करवतीचे एकस्व मिळविले. या वळणाची ‘डी-८’ ही करवत पुढे अमेरिकेतील सुतारांच्या पेटीत सर्वत्र दिसू लागली. शेफील्डच्या नावापुढे अमेरिकेचे नाव न लाजता घेता येईल, असा माल आता फिलाडेल्फियात होऊ लागला होता.

टॅकोनीचे गाव

शहरातील जागा अपुरी पडू लागली, तेव्हा १८७१ साली डिस्टनने डेलावेअर नदीच्या काठी टॅकोनी येथे जमीन घेतली व पुढील वर्षापासून कारखाना टप्प्याटप्प्याने तेथे हलविण्यास आरंभ केला. त्याने नुसता कारखाना बांधला नाही. कामगारांसाठी एक गावच आखले. लोहमार्गाच्या एका बाजूस, नदीकडे, भट्ट्या आणि धुराडी; दुसऱ्या बाजूस, चढावर, झाडे लावलेले रस्ते व घरे. कामगारास घर भाड्याने मिळे, अथवा हप्त्याने विकतही घेता येई.

घराच्या जागेच्या खरेदीखतातच काही अटी लिहिलेल्या असत. त्या जागेवर मद्याचे दुकान काढावयाचे नाही. कातडी कमावणे, जनावरे कापणे, साबण वा सरस करणे असे उपद्रवी धंदे करावयाचे नाहीत. स्वच्छ पाणी, मोकळी हवा आणि स्वतःचे घर ही त्या काळच्या कामगारास सहजी न मिळणारी सुखे येथे मिळाली. पण वेतन देणारा, जागा विकणारा आणि वागणुकीचे नियम घालणारा एकच होता, हेही खरे. मालकाशी मतभेद झालेल्या माणसास नोकरीबरोबर शेजारही सोडावा लागण्याची भीती असे. असा गाव मालकाच्या सद्बुद्धीवर चालतो. आणि सद्बुद्धी वारसाहक्काने मिळतेच असे नाही.

तथापि या वसाहतीचा धंद्यास एक मोठा लाभ झाला. कामगार टिकून राहिले. बापाशेजारी मुलगा कामास लागला. ऐरणीवर पाते सरळ करण्याची जी विद्या लिहून ठेवता येत नव्हती, ती त्या रस्त्यांवरील घराघरांतून पुढे जात राहिली. डिस्टन हे कारखान्याचे एक घराणे. पण पाती ठोकणाऱ्यांची आणि दात घासणाऱ्यांची अशी कितीतरी घराणी त्याच्या आश्रयाने तयार झाली.

मुलांच्या हाती

यादवी युद्ध संपल्यावर १८६५ साली थोरला मुलगा हॅमिल्टन भागीदार झाला आणि मुठीवरील चकतीवर ‘हेन्री डिस्टन आणि मुलगा’ अशी अक्षरे आली. १८७१ च्या सुमारास ‘मुलगा’ या शब्दाच्या जागी ‘मुलगे’ हा शब्द आला. जुन्या करवतीचे वय ठरविण्यासाठी संग्राहक आजही या चकत्यांचाच आधार घेतात.

हेन्री डिस्टन १८७८ साली मृत्यू पावला. कारखान्याची सूत्रे हॅमिल्टनकडे आली. त्याची दृष्टी करवतीपुरती मर्यादित नव्हती. १८८१ साली त्याने फ्लॉरिडा राज्यातील ४० लाख एकर जमीन १० लाख डॉलरांस विकत घेण्याचा करार केला. दलदलीतील पाणी कालव्यांनी काढून तेथे शेती व गावे वसवावी, ही त्याची योजना होती. तीत काही काम झाले, पण अपेक्षित यश लाभले नाही. १८९६ साली, वयाच्या ५१ व्या वर्षी, हॅमिल्टन वारला. कारखाना त्याच्या भावांनी आणि पुढे नंतरच्या पिढ्यांनी सांभाळला. विसाव्या शतकाच्या आरंभी टॅकोनी येथे हजारो लोक काम करीत. हातकरवतींबरोबर लाकूडगिरण्यांच्या गोल करवती, पट्टा-करवती, जंगलात दोघांनी मिळून ओढावयाच्या लांब करवती आणि त्यांना धार लावावयाच्या कानशी असा माल तेथून देशोदेशी जाई.

विजेची करवत

१९२४ साली अमेरिकेत एडमंड मिशेल या संशोधकाने हातात धरून चालविता येणारी विजेची गोल करवत तयार केली. आरंभी ती महाग व जड होती. पण खेड्यापाड्यांत वीज पोहोचली, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर घरबांधणीस वेग आला, तशी तीच बांधकामावर सर्रास दिसू लागली. जी फळी हाताने कापण्यास मिनिटे लागत ती आता क्षणांत कापली जाऊ लागली. जंगलातही इंजिनावर चालणाऱ्या साखळी-करवतीने दोघांनी ओढावयाची लांब करवत मागे टाकली. डिस्टन कारखान्याने स्वतःही १९४० नंतरच्या दशकात साखळी-करवती काढल्या. पण ज्या पायावर हा धंदा उभा होता तोच आता खचत होता.

हातकरवत बाद झाली नाही. तिची गरज मात्र क्वचितची झाली. क्वचित वापरावयाच्या हत्यारास फार किंमत देण्यास ग्राहक तयार नसतो. मग मुठीचे लाकूड हलके आले, तिचा आकार ओबडधोबड झाला, घासण्याच्या काही क्रिया गाळल्या गेल्या. हे सर्वच कारखान्यांत घडले. इतके श्रम वाचवूनही आर्थिक ओढाताण संपली नाही. अखेर १९५५ साली डिस्टन कुटुंबाने आपला कारखाना पिट्सबर्गच्या एच. के. पोर्टर कंपनीस विकला. १९७८ साली तो स्वीडनमधील सँडविक कंपनीकडे गेला. नाव बराच काळ चालू राहिले. पण ते नाव धारण करणारे घराणे त्यामागे राहिले नव्हते.

राहिले काय?

यानंतर हातकरवतीत एक नवा प्रकार आला. उच्च वारंवारतेच्या विद्युत्प्रवाहाने फक्त दातांची टोके क्षणार्धात तापवून अतिशय कठीण करतात. असे दात दीर्घकाळ धार धरतात. पण त्यांवर कानस चालत नाही. बोथट झाली की करवत टाकून द्यावयाची. स्वस्ताई व सोय या दृष्टीने ही युक्ती उत्तम आहे, हे नाकारता येत नाही. पण तिच्यामुळे सुताराचे हत्याराशी असलेले नाते बदलले. पूर्वी तो आपल्या करवतीचा अर्धा कारागीर असे. दात कसे घासावे, किती वाकवावे, ओल्या लाकडासाठी काय फरक करावा, हे त्याला ठाऊक असावे लागे. आता हे ज्ञान त्याच्याकडून कोणी मागत नाही, आणि जे मागितले जात नाही ते एका पिढीत विस्मरणात जाते.

म्हणून १९९० नंतर इंग्लंड व अमेरिका येथील काही लहान निर्मात्यांनी कानशीने धार लावता येईल अशा करवती पुन्हा बनविण्यास आरंभ केला, तेव्हा त्यांना जुन्या करवतींचाच अभ्यास करावा लागला. मुठीचा उतार, पात्याची पाठीकडे कमी होत जाणारी जाडी, दातांचे कोन हे सारे त्यांनी शंभर वर्षांपूर्वीच्या पात्यांवरून मोजून घेतले. ज्या कारागिरांना ही विद्या तोंडपाठ होती ते हयात नव्हते. त्यांनी घडविलेली वस्तू तेवढी शिल्लक होती.

टॅकोनीच्या भट्ट्या विझल्या. पण त्यांतून निघालेल्या असंख्य करवतींपैकी कितीतरी अजून कापतात. मूठ घासून गुळगुळीत झालेली असते, पात्यावरील नाव पुसट झालेले असते, वर्षानुवर्षे कानस लागून पात्याची रुंदी कमी झालेली असते. तरीही पोलाद तेच आहे. दोन तुकडे लाकडांमध्ये पाते घट्ट धरावे, दातांवरून कानस जपून चालवावी, आणि ती करवत पुन्हा पहिल्यासारखी कामाला येते. मात्र कानस धरणारा हात शिकलेला असला पाहिजे.